बुडीत क्षेत्रातला हरभरा

कौसाआत्यानं पिशवीतून हरभऱ्याची जुडी काढली आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. मुळांना अजून काळा गाळ चिकटलेला होता. सकाळी उजाडल्या उजाडल्या तिनं ते डहाळे उपटले होते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत तीस किलोमीटर मांडीवर घेऊन आली होती. घाटे टच्च भरलेले होते. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, फाइल जरा बाजूला सरकवली, एक घाटा तोडला आणि सोलून तोंडात टाकला.

"गोड आहे," ते म्हणाले.

शेजारच्या टेबलावरून गुरव भाऊसाहेबांनी हात लांब केला आणि एक अख्खा डहाळाच ओढून घेतला. मग डाव्या हातानं घाटे सोलत आणि उजव्या हातात पेन धरून ते म्हणाले, "हं, बोला आजी. तुमची जमीन कुठं आहे?"

"जमीन न्हाई साहेब," आत्या म्हणाली. "पान्यात गेली."

गुरवांनी लिहिलं. मी त्यांच्या मागेच उभी होते, मला वाचता आलं. 'अर्जदाराच्या सांगण्यानुसार त्यांना जमीन नाही.' माझ्या डोक्यात तिडीक उठली. चार एकर जमीन आपली आहे हे सांगायला आम्ही इतक्या लांब आलो होतो आणि पहिल्याच प्रश्नाला आत्यानं ती नाही म्हणून सांगून टाकली होती.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हाही होते. अकरा वर्षांपूर्वी तर जास्तच होते, कारण तेव्हा मला वाटायचं की आपल्याला सगळं कळतं.

"आत्या, काय बोलतेस तू?" मी सगळ्यांसमोर म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. आमच्याबरोबर आलेले रज्जाकभाई मुलाणी भिंतीकडे बघायला लागले, कारण त्यांनाही विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. अख्ख्या हिंगणवाडीनं हेच सांगितलं असतं. धरण झालं आणि गाव उठून वरच्या माळावर वसाहतीत आलं, तेव्हापासून चाळीस वर्षं कोणीही काहीही विचारलं की वसाहतीतला माणूस सांगतो, जमीन पाण्यात गेली. पाहुणे आले, लग्न जुळवायला कोणी आलं, खानेसुमारीचा मास्तर आला, सगळ्यांना एकच उत्तर. आणि हे सांगताना घरात त्याच जमिनीतल्या ज्वारीचं पोतं भिंतीला टेकून उभं असतं.

कारण ती जमीन दरवर्षी परत येते. दिवाळी झाली की धरणाचं पाणी उतरायला लागतं. रोज चार-सहा पावलं जमीन उघडी पडते, काळी आणि लोण्यासारखी मऊ. तिच्यावर नांगर लागत नाही, खत लागत नाही. पाणी जसं मागं सरेल तसं त्याच्या मागं मागं पेरत जायचं. याला गाळपेर म्हणतात. पाऊस पडून धरण पुन्हा भरायच्या आत पीक काढून घरी आणायचं. वसाहतीत मिळालेली जमीन म्हणजे नुसता मुरूम आहे, तिथं कुसळही धड उगवत नाही. सगळी वसाहत गाळपेरावर जगते.

आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण आपल्या जुन्या शेतातच पेरतो. बांध कधीच वाहून गेले, गावाची एक भिंत शिल्लक नाही. पण पिठाच्या गिरणीचा दगडी चौथरा पाण्यातून वर आला की आत्या त्याच्यावर पाय ठेवून उभी राहते आणि उगवतीकडे चालायला लागते. ऐंशी पावलांवर मुलाण्यांच्या विहिरीचा काठ. तिथून खाली चाळीस पावलांवर आमचा वरचा बांध. ही पावलं तिच्या सासूबाईंनी मोजून ठेवलेली. सासूबाई ठेंगण्या होत्या, म्हणून आत्या मुद्दाम आखूड पावलं टाकते. पाचवी ते दहावी मी तिच्याकडे शिकायला होते, तेव्हा तिच्यामागून ती पावलं मीही टाकली आहेत. पूर्वी सरकार ही जमीन वर्षावर्षाच्या करारानं द्यायचं. गेली नऊ वर्षं तेही बंद पडलं होतं, कारण कार्यालयात ते काम करायला माणूसच नव्हता. कागद नाही म्हणून पेरायचं कोणी थांबलं नाही. एकाच्या जागेत दुसऱ्यानं कधी पाय टाकला नाही, की कधी भांडण झालं नाही.

मग त्या वर्षी पौषात नोटीस आली. धरणाचं पाणी जिथं दोन अंगांना फाकतं, त्यातल्या डाव्या फाट्यात सौरऊर्जेचा प्रकल्प होणार होता. पाण्यावर तरंगणाऱ्या पट्ट्या, काठावर खांब, तारा, कुंपण. नोटिशीत लिहिलं होतं की जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात सध्या कोणतीही शेती होत नाही, म्हणून ही जागा प्रकल्पाला देण्यात येत आहे. हरकत असल्यास अमुक तारखेला हजर राहावे. डाव्या फाट्यात बावीस घरांची गाळपेर होती. पहिलं शेत आत्याचं.

आत्यानं मला पुण्याला फोन केला. मी तेव्हा अशा कंपनीत होते जिथं उपग्रहानं घेतलेली चित्रं बघून जमीन ओळखायचं काम चालायचं. परदेशातली एक संस्था जगातल्या सगळ्या शेतजमिनीचा एकच नकाशा करत होती. कुठं शेती, कुठं जंगल, कुठं वस्ती, कुठं पाणी. त्यातला आपल्याकडचा भाग आमच्याकडे होता. आत्यानं वसाहतीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची उज्जू आभाळातनं शेतं बघती. मी फोनवर तिला म्हणाले, काही काळजी करू नकोस, वरून सगळं दिसतं, मी येते आणि दाखवते त्यांना. केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते.

तर आता गुरवांनी 'जमीन नाही' असं लिहून झालं होतं आणि साहेब दुसरा डहाळा घेत होते.

"मग हरकत कशाची आहे?" ते म्हणाले. आवाज अगदी शांत. वाईट माणूस नव्हता तो, हेच जास्त चीड आणणारं होतं.

मी पुढं झाले. ही बाई ज्याला पाण्यात गेलेली जमीन म्हणते तिच्यावर आज या घडीला हरभरा उभा आहे, असं सांगितलं. गाळपेर म्हणजे काय ते सांगितलं. साहेबांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाले की तसं असेल तर नकाशावर दिसायला हवं. प्रकल्पाला परदेशातली बँक पैसा देते, तिला साधा तलाठ्याचा कागद चालत नाही, जगभर मान्य असलेला नकाशाच लागतो. तो फाइलला जोडलेला आहे.

"दाखवा नकाशा," मी म्हणाले. "आत्ता दाखवा."

गुरवांनी हात पँटला पुसले आणि संगणक माझ्याकडे वळवला. नकाशा उघडल्याबरोबर मी ओळखला. तो आमचाच होता. शेतीला पिवळा रंग, पाण्याला निळा. हिंगणवाडीचा डावा फाटा काठापर्यंत निळा होता. गिरणीचा चौथरा, मुलाण्यांची विहीर, आमचा बांध, सगळं निळं.

"हे चूक आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "हे कोणत्या गाढवानं केलंय? इथं सात महिने जमीन उघडी असते. चित्र बघणाऱ्याला डोळे नव्हते का?"

"तुमच्याच कंपनीनं केलंय ना, मॅडम?" साहेब म्हणाले. "तुम्हीच बघा कोणी केलं ते."

त्या नकाशाचे लहान लहान चौकोन पाडलेले होते आणि त्यात एक सोय होती. एखाद्या चौकोनावर दोनदा दाबलं की तो कोणत्या दिवशी तपासला आणि तपासणाऱ्याचा क्रमांक किती, हे उघडायचं. मी रागाच्या भरात दाबलं. तारीख आली, तीन वर्षांपूर्वीची. खाली क्रमांक आला, सदतीस.

मी तो आकडा बघितला आणि माझं तोंड बंद झालं.

साहेबांना वाटलं मी विचार करते आहे. ते म्हणाले, तुमच्या कंपनीनं नकाशा चुकला आहे असं लेखी दिलं तर मी फाइलला लावतो, त्यापलीकडे माझ्या हातात नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर या. आम्ही बाहेर आलो. डहाळ्याची जुडी टेबलावरच राहिली.

रज्जाकभाई चहा सांगायला गेले. मी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन सबनिसांना फोन लावला. निरंजन सबनीस आमच्या कामाचे प्रमुख होते. हुशार माणूस, गोड बोलायचे, कधी कोणावर ओरडले नाहीत. मी चौकोन, तारीख, क्रमांक सगळं सांगितलं आणि म्हणाले की फक्त चार ओळींचं पत्र पाठवा, अमुक चौकोन चुकीचा आहे, बस्स.

"उज्ज्वला, तू तिथे कंपनीच्या वतीनं गेली आहेस का?"

"नाही. आत्याबरोबर आले आहे."

"मग आत्याबरोबर परत ये. आपला नकाशा पंच्याऐंशी टक्के अचूक आहे, हे आपण आधीच जाहीर केलंय. तुझं गाव उरलेल्या पंधरा टक्क्यांत आहे, त्याला मी काय करू?"

"पंधरा टक्के म्हणजे किती माणसं होतात, सर?"

"आपण माणसं मोजत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मग तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "एक सांगू? सदतीस कोण आहे ते मी काढू शकतो. काढू का?"

"नको," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आत्या पायरीवर बसून होती. तिच्यासमोर चहाचा कागदी कप तसाच होता. तिनं मला विचारलं, काय म्हनला तुजा साहेब? मी म्हणाले, नाही म्हणाला. तिनं मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही. नाही म्हणणारे साहेब तिनं चाळीस वर्षं पाहिले होते. मी तिच्या शेजारी बसले आणि माझ्यानं राहवेना.

"आत्या, ते पाणी मी लिहिलंय."

"कंचं पानी?"

"नकाशातलं. सदतीस नंबर माझा आहे. तीन वर्षांपूर्वी तो चौकोन माझ्याकडे आला होता."

मी सांगत गेले. रोज साठ चौकोन करायचे असत. प्रत्येकाची दोन चित्रं, एक पावसाळ्यानंतरचं आणि एक मार्चमधलं. नियम असा होता की दोन्हीपैकी कशातही पाणी दिसलं तर पाणी लिहायचं. खात्री नसेल तर 'शंका' म्हणून एक बटण होतं. पण दिवसात पाचच्या वर शंका झाल्या की सबनीस गोड आवाजात बोलावून घ्यायचे आणि महिन्याच्या शेवटी नावापुढे शेरा यायचा.

"तुला वळखू आलं न्हवतं का, आपलं हाय म्हनून?" आत्यानं विचारलं.

खोटं बोलायची ती एकच संधी होती.

"आलं होतं," मी म्हणाले. "नदीचं वळण बघून लगेच ओळखलं. शेजारच्या मुलीला बोलावून दाखवलं पण. म्हटलं, हे बघ माझ्या आत्याचं गाव, पाण्यात गेलं."

"आनि मार्चातल्या चित्रात? हिरवं दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं. काठाला हिरवी कड होती."

"मग?"

मग काय. त्या दिवशी माझ्या पाच शंका झालेल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर ती सबबही नव्हती. ती हिरवी कड बघून मला शंका आलीच नाही. तो हरभरा होता हे मला ठाऊक होतं, सहा हिवाळे मी तो खाल्ला होता, त्याच्या पानांवरची खारट-आंबट आंब लागून माझे ओठ फुटले होते. पण ते शेत आहे असं माझ्या मनातच आलं नाही. शेत म्हणजे ज्याचा सातबारा असतो ते. आमचं तर पाण्यात गेलं होतं. मी 'पाणी' दाबलं आणि पुढच्या चौकोनावर गेले.

हे सगळं मी तिला सांगितलं. मला वाटत होतं तिनं मला शिव्या द्याव्यात. सगळ्यांसमोर, तिथं पायरीवर, तोंडाला येईल ते बोलावं. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस म्हणावं. मला ते हवं होतं. ती नुसती चहाच्या कपाकडे बघत राहिली. वर धरलेली साय तिनं बोटानं बाजूला केली.

"मगाशी आत मी काय म्हनले गं?" तिनं विचारलं.

ती उत्तराला थांबली नाही.

"तेच म्हनले ना? तुज्या शाळंच्या फारमावर बी मीच सांगितलं व्हतं, लिव्ह, जमीन न्हाई. सासूबाईंनी सांगितलं म्हनून मी म्हनत आले, मी म्हनले म्हनून तू लिवलंस." तिनं चहा एका दमात संपवला. "तिनं पावलं मोजून ठिवली आनि जमीन न्हाई म्हनून बी तीच सांगत गेली. काय मानसं आमी."

तिच्या आवाजात राग होता. पण माझ्यावरचा नव्हता, आणि त्यानं मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ," ती म्हणाली. "ते खोडाया सांगू."

आत गेलो तर सुट्टी संपायला अजून पाच मिनिटं होती आणि साहेब, गुरव आणि शेजारच्या खोलीतला आणखी एक जण, असे तिघं डहाळे खात बसले होते. अर्धी जुडी संपली होती. टरफलांचा ढीग आमच्या अर्जावर पडला होता.

आत्या गुरवांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "मगाशी लिवलेलं खोडा," ती म्हणाली. "मला जमीन हाय. चार एकर. मुलान्याच्या हिरीच्या खालच्या अंगाला."

"आजी, एकदा नोंद केली की खाडाखोड करता येत नाही," गुरव म्हणाले.

"मग खाली दुसरं लिवा."

गुरवांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कंपनीचं पत्र आलं का म्हणून विचारलं. मी म्हणाले, पत्र येणार नाही. पण तो चौकोन मी स्वतः तपासला होता, सदतीस माझा क्रमांक आहे, मार्चच्या चित्रात मला पीक दिसलं होतं आणि तरी मी पाणी लिहिलं. लिहून घ्या, मी सही करते. रज्जाकभाई दारातच थांबले होते. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली.

साहेबांनी हातातला घाटा सोलायचा थांबवला.

"तुम्ही अर्जदाराच्या कोण?"

"भाची."

"मग नातेवाइकाचा जबाब म्हणून फार तर घेता येईल. त्याला वजन नाही. आणि कंपनीचे कर्मचारी म्हणून तुम्ही बोलू शकत नाही, तुमच्याकडे अधिकारपत्र नाही."

"म्हणजे मी चूक केली असं मी सांगितलं तर ते चालत नाही. पण मी केलेली चूक चालते."

"मॅडम, आवाज कमी करा."

"गाडीत बसा आणि चला. तीस किलोमीटर आहे. जाऊन डोळ्यांनी बघा."

ते म्हणाले, नकाशा मान्य झाल्यावर पाहणीची तरतूद नाही, आणि या आठवड्यात गाडीही नाही. हे सांगताना त्यांनी तो अर्धवट सोललेला घाटा पुरता सोलला, कारण हातात होताच.

"साहेब, तुम्ही खाताय ते काय आहे?" मी विचारलं.

"हरभरा."

"कुठं पिकला?"

ते जरासे हसले. "हरभरा काय, बाजारातही मिळतो."

माझ्या तोंडून काय निघालं असतं ते मला माहीत नाही. नोकरी तर गेल्यातच जमा होती, वर पोलीसही आले असते. पण आत्या माझ्या आधी पुढं झाली. तिनं साहेबांच्या टेबलावरचे उरलेले डहाळे गोळा केले. गुरवांच्या पुढ्यातला ओढून घेतला. मग साहेबांच्या हातातला डहाळा धरला. त्यांनी लगेच सोडला नाही, क्षणभर दोघांच्या हातात होता. मग त्यांनी सोडला.

"मग बाजारातला खावा," आत्या म्हणाली.

तिनं सगळं ओल्या फडक्यात बांधलं आणि पिशवीत घातलं. टरफलं तेवढी अर्जावर ठेवली. साठी उलटलेली ती बाई चाळीस वर्षांत कुठल्याही कार्यालयात मान वर करून बोलली नव्हती. दारातून जाताना मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात झिडकारला.

मी तिथल्याच कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं. नाव, क्रमांक, तारीख, काय दिसलं आणि काय लिहिलं. आवक खिडकीवर देऊन शिक्का घेतला. एक प्रत सबनिसांना पाठवली आणि एक त्या परदेशी संस्थेला, त्यांच्या चुका कळवायच्या पत्त्यावर. आठ दिवसांत कंपनीनं मला काढलं. गुप्तता मोडली म्हणून. सबनिसांनी त्या पत्राखाली स्वतःच्या हातानं 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये निकाल आला. दोनच कारणं होती. नकाशानुसार सदर क्षेत्र जलव्याप्त आहे, हे एक. दुसरं, अर्जदारांनी स्वतःच जमीन नसल्याचे सांगितले आहे. गुरवांनी खाली दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मी आत्याबरोबर गेले होते. गिरणीचा चौथरा वर आला होता. तिनं त्याच्यावर पाय ठेवला आणि आखूड पावलं टाकत उगवतीला निघाली. त्रेपन्नाव्या पावलाला तारेचं कुंपण लागलं. तिनं तारेला हात लावला नाही. पलीकडचा गाळ ओलाच होता, त्याच्यावर लोखंडी खांब रोवलेले होते आणि पट्ट्या चिखलात बसलेल्या होत्या. ती तिथं उभी राहून उरलेली सत्तावीस पावलं तोंडानं मोजत राहिली. मग खालची चाळीस. मला त्या साहेबांना आणून त्या तारेला बांधून ठेवावंसं वाटलं. मग वाटलं, शेजारी मलाही बांधायला हवं. बावीस घरांपैकी नऊ घरं त्या वर्षात वसाहत सोडून ऊसतोडीला गेली. रज्जाकभाई लेकाकडे इचलकरंजीला गेले ते परत आले नाहीत.

मी पुण्याला परत गेले नाही. तालुक्यातल्या एका लहानशा संस्थेत काम धरलं. नकाशात दिसतं ते शेत खरंच तिथं आहे का, हे पायी जाऊन बघायचं आणि चूक दिसली की कळवायची, हे माझं काम. पगार थोडा आहे. आत्तापर्यंत चारशेवर चुका कळवल्या आहेत. बरेच जण माझ्या तक्रारी वाचतही नाहीत हे मला माहीत आहे, तरी मी पाठवते.

त्या परदेशी संस्थेचं उत्तर दोन वर्षांनी आलं होतं. आपण कळवलेली चूक तपासली, आपले म्हणणे बरोबर होते, नव्या आवृत्तीत दुरुस्ती केली आहे, आभार. मी नकाशा उघडला. हिंगणवाडीचा डावा फाटा काठाकाठानं पिवळा झाला होता. आत्याचे चार एकर नीट दिसत होते. जगाच्या नकाशावर ती शेतजमीन झाली, तेव्हा तिच्यावर लोखंड उभं राहून दुसरं वर्ष चालू होतं. मी त्या दिवशी जेवले नाही.

या वर्षी संक्रांतीच्या सुमारास वसाहतीत घरोघरी माहिती घ्यायला एक बाई आल्या होत्या. हातात सरकारी टॅब होता. मी आत्याकडेच होते. आत्या आता ओसरीवरून फारशी हलत नाही. बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, घरात माणसं किती ते विचारलं. मग विचारलं, "आजी, जमीन आहे का?"

"हाय," आत्या म्हणाली. "चार एकर."

"कुठं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "काड गं तुजा नकाशा."

मी मोबाइल काढला, नकाशा उघडला आणि त्यांच्यापुढं धरला. बाईंनी पिवळा रंग पाहिला, बोटानं जरा मोठा करून पाहिला, मान डोलावली आणि लिहून घेतलं. आत्याच्या ओसरीवरून सगळा डावा फाटा दिसतो. त्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या. बाईंनी तिकडे एकदाही पाहिलं नाही.

नकाशातली ती चूक मी अजून कळवलेली नाही. कळवणारही नाही.